बाळाचा खर्च : हात कुठे आखडावा, कुठे सैल सोडावा

बाळ होणार असं कळल्यापासून ते शाळेत जाईपर्यंत घरातून जो पैसा बाहेर जातो, त्याचे दोन वाटे पडतात. एक बाळाच्या गरजेचा, दुसरा आईच्या धास्तीचा. पहिला वाटा फार मोठा नाही. दुसऱ्याला अंत नाही. ‘माझ्या बाळाला काही कमी पडलं तर?’ हा प्रश्न पहिलटकरणीच्या मनातून हलत नाही, आणि बाटलीपासून बुद्धिवर्धक पावडरीपर्यंत अर्धा बाजार त्या एका प्रश्नावर उभा आहे. महाराष्ट्रातली आई आज कुठेकुठे खर्च करते, त्यातला कोणता टाळता येतो, कोणता आपल्या करांतून आधीच भरलेला आहे आणि कोणता टाळला तर पुढे महागात पडतो, हे इथे एकत्र पाहायचं आहे.

आधीच सांगते, काटकसरीचे सल्ले बहुतेक वेळा ज्यांच्याकडे उधळायला थोडं तरी आहे त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. उसाच्या फडावर कोपीत बाळ ठेवून कोयता चालवणाऱ्या बाईला ‘महागडे डायपर घेऊ नका’ हे सांगण्यात काही अर्थ नाही. तिच्या उपयोगाचा भाग हक्कांचा आहे. लस, औषध, अंगणवाडीचा आहार, बाळंतपणाची मदत या गोष्टी तिच्यापर्यंत पोहोचवायला सुशिक्षित शेजारणीने थोडा वेळ दिला, तरी पुष्कळ होईल.

सगळ्यात मोठी बचत अंगावरच्या दुधात आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही; मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि पुढेही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पैशांत मांडायचं तर तीन-चार महिन्यांचं बाळ पूर्णपणे पावडरच्या दुधावर असेल तर चारशे ग्रॅमचा डबा जेमतेम चार दिवस जातो. डबा चारशे रुपयांना धरला तरी महिन्याला तीन हजार झाले; शिवाय बाटल्या, बुचं, उकळायला गॅस.

पण ‘अंगावर पाजा’ एवढं सांगून भागत नाही. ‘दूध पुरत नाही’ म्हणून डबा घरात येतो, तेव्हा बहुतेकदा दूध कमी नसतं, बाळाची पकड चुकलेली असते. बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात धरलं की आईला चिरा पडतात, दूध नीट ओढलं जात नाही, बाळ रडत राहतं आणि घरातली चार माणसं चार सल्ले देतात. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राखालचा काळसर भागही बऱ्यापैकी तोंडात, अशी पकड हवी. पहिल्या दोन दिवसांतच जाणत्या नर्सकडून ती तपासून घ्यावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने यावर व्हिडिओ केले आहेत, ते मराठीतही फुकट पाहता येतात. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा-सात वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. रडण्यावरून दुधाचा हिशोब करू नये.

हेही माहीत असू द्या की १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनी दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं डब्यातलं दूध, बाळ-अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला, फुकट नमुन्यांना आणि सवलतींना बंदी घातली आहे. दवाखान्यातून निघताना कोणी हातात डबा ‘भेट’ दिला तर ती भेट घेऊ नये.

काही आयांना खरोखरच पाजता येत नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असतं, आई आजारी असते, किंवा बाळ दत्तक घेतलेलं असतं. त्यांना टोचून बोलणाऱ्यांनी गप्प बसावं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. आता इतरही अनेक रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत, आणि अशक्त नवजात बाळांना तिथलं दूध मिळू शकतं. डबा वापरावाच लागला तर एक गोष्ट कधीही करू नये: तो जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवणं. पातळ दुधावर बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि बाळ आतून उपाशी राहतं. डब्यावर जेवढ्या पाण्याला जेवढे चमचे सांगितलेत, तेवढेच. बचत करायचीच तर बाटलीवर करा. वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं धुवायला सोपं, उकळायला सोपं आणि जन्मभर टिकणारं. सहा महिन्यांनंतरच्या वेगळ्या डब्याची, म्हणजे त्या ‘स्टेज टू’ची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे. वर्षानंतर घरात येणारं तापवलेलं दूध चालतं. तेही कपभर, फार तर दोन कप. दुधावरच पोट भरलं तर मूल जेवत नाही आणि रक्त कमी होतं.

वरच्या अन्नात पैसा सर्वांत नकळत जातो. तयार सिरियलचा तीनशे ग्रॅमचा डबा काही दिवसांत संपतो, आणि त्याच किमतीत अख्ख्या घराच्या महिन्याभराच्या डाळीतली बरीचशी डाळ येते. पब्लिक आय या स्विस संस्थेने २०२४ च्या एप्रिलमध्ये दाखवून दिलं की एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या बाळ-सिरियलमध्ये भारतात साखर घातलेली होती, आणि त्याच नावाने युरोपात विकल्या जाणाऱ्या डब्यात ती नव्हती. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं. लेबलाची मागची बाजू वाचायची सवय लावली तर यातले बरेच डबे दुकानातच राहतील.

घरची नाचणी कशी करावी हे सविस्तर सांगते, कारण ती करताना दोन चुका सर्रास होतात. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालायची. सकाळी उपसून सुती फडक्यात सैलसर बांधून ठेवायची, फडकं कोरडं पडू द्यायचं नाही. दीड-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसतात. मग ती पसरून खडखडीत वाळवायची, तळहातांत चोळून मोडांचे तंतू पाखडून काढायचे, मंद आचेवर हलकीच भाजायची आणि दळायची. पहिली चूक भाजण्यात होते. मोड आल्यावर धान्यात अमायलेज नावाचा पाचक घटक तयार होतो आणि तो खिरीतला पिठूळपणा मोडतो. त्यामुळे खीर चिकट गोळा न होता सैल राहते, तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं आणि बाळाच्या पोटात जास्त अन्न जातं. खरपूस भाजलं की हा गुण गेला. दुसरी चूक सत्त्वाची. भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवला की दिसायला मऊसूत सत्त्व तयार होतं. पण नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः तिच्या सालीत असतं, आणि ती साल फडक्यातच राहते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांत १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम दिलेलं आहे, ते अख्ख्या दाण्याचं. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यानंतर सत्त्वापेक्षा बारीक चाळणीतून काढलेलं पीठ चांगलं. किलोभर नाचणी शंभर रुपयांच्या आत येते आणि पीठ दीड-दोन महिने पुरतं.

वरणाच्या पाण्याचंही तसंच. वाटीभर ‘वरणाचं पाणी’ पाजून आई समाधान मानते, पण त्यात डाळ नावालाच असते. चमच्यावरून घळघळ न सांडणारं, घट्टसर मुगाचं वरण, मऊ भात आणि वर चमचाभर तूप: सहा महिन्यांच्या बाळाचं हे पूर्ण जेवण आहे. पुढे त्यात लाल भोपळा, गाजर, पालक, शेंगदाण्याचं बारीक कूट येतं. अंडं खाणाऱ्या घरात अंड्याइतकं स्वस्त आणि भरीव अन्न दुसरं नाही, तेही वर्षाची वाट न पाहता देता येतं. पहिल्या वर्षात मीठ-साखर लागत नाही. मध तर वर्षापर्यंत चाटवायचाही नाही, त्यातून बाळाला बोटुलिझमचा धोका असतो. बाराव्याला सोन्याच्या अंगठीवर मध लावून चाटवायची हौस असेल तर ती आवरावी. फळांचे डबाबंद रस, बाळांची म्हणून महाग विकली जाणारी बिस्किटं यांच्यावर ओळ वाया घालवत नाही.

अंगणवाडी आपल्यासाठी नाही, असं मध्यमवर्गात गृहीत धरलं जातं. पण अंगणवाडी ज्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून चालते ती १९७५ ची, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना तिथला पूरक आहार हक्काने मिळतो. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा शिधा, पुढे तिथेच गरम जेवण. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनाही शिधा मिळतो. आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आईला एक वेळचं चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी देतात. शिधा चांगला आला नाही तर नाक न मुरडता तक्रार करावी. बोलणाऱ्या आया अंगणवाडीत फिरकल्याच नाहीत तर तिचा दर्जा सुधारायचा कसा?

कपड्यांत हौस भागवायला हरकत नाही, पण ती नातेवाइकांच्या पैशाने भागते. बारशाला येणारी झबली-टोपरी जवळजवळ सगळी एकाच मापाची असतात आणि दोन महिन्यांत आखूड होतात. मोठी आत्या किंवा मावशी यांना आधीच सांगून ठेवावं, ‘वर्षाच्या मापाचं आणा’. कोणाला वाईट वाटत नाही. दुपटी आणि लंगोट जुन्या सुती साड्यांचे आणि धोतरांचेच उत्तम. वीस-पंचवीस धुण्यांनी जो मऊपणा येतो तो नव्या कापडाला नसतो. लंगोट साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात कोकणात-मुंबईत ते वाळत नाहीत ही अडचण खरी आहे, तेव्हा चार महिन्यांपुरता डायपरचा खर्च जास्त होणार हे धरूनच चालावं.

डायपर पूर्ण टाळा असं मी म्हणणार नाही. रात्रीची सलग झोप आईला मिळाली तर तो खर्च वसूल झाला. पण दहा रुपयांचा एक धरून दिवसाला सहा लागले तर महिन्याचे अठराशे होतात, आणि रात्री एक, बाहेर जाताना एक असं केलं तर सहाशे. पूर्वीच्या बायका बाळाला ठरल्या वेळी पायांवर बसवून शी-शू करायला लावत. ते सात-आठ महिन्यांपासून जमलं तर डायपर दोन-अडीच वर्षांपर्यंत ओढावे लागत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांचे डायपर आणि दुधाच्या बाटल्या यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराने जुना साठा जुन्याच दराने लावला तर बिल पाहून विचारावं.

लशींत मध्यमवर्गीय घर सर्वांत जास्त पैसा विनाकारण घालवतं. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकॉकल, गोवर-रुबेला हे सगळं सरकारी लसीकरणात मोफत आहे. न्यूमोकॉकलची लस खाजगी दवाखान्यात हजारोंच्या घरात जाते. २०२१ पासून ती देशभर सरकारी केंद्रांवर फुकट मिळते, हे अजून अनेकींच्या गावीही नाही. ‘न दुखणारी’ म्हणून जी लस विकली जाते तिच्यात डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारचा असतो. ताप कमी येतो हे खरं, पण जुन्या, दुखणाऱ्या लशीचं संरक्षण जास्त काळ टिकतं. एका रात्रीच्या तापासाठी तीन-चार हजार मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजले नसते. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, कांजिण्या या लशी सरकारी वेळापत्रकात नाहीत. त्यांपुरते बालरोगतज्ज्ञांकडे जावं. कार्ड एकच ठेवलं की दोन्हीकडचं जुळवता येतं.

औषधांच्या कपाटात काय असावं? ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या आणि डॉक्टरांनी वजनानुसार मात्रा लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, बस. जुलाब झाले की एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि झिंक चौदा दिवस: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे दोन्ही फुकट मिळतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात ओआरएस म्हणून मिळणारी गोड, रंगीत खोकी मात्र घेऊ नयेत. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. खोकल्याच्या औषधांचंही तेच. मध्य प्रदेशात विषारी औषधाने मुलं दगावल्यावर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्याचं औषध देऊच नये आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नये. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपणहून बरा होतो. ग्राइप वॉटर, दात येण्याचं औषध, भूक वाढवणारी सिरपं यांचाही उपयोग नाही. याला दोन अपवाद. पहिल्या वर्षात ड जीवनसत्त्वाचे थेंब, आणि सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध. लोह आशाताई फुकट देतात.

इथेच बजावते: बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल, छाती आत ओढून श्वास घेत असेल, तर घरी थांबून काटकसर करू नका. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत, आणि १०२ किंवा १०८ ला फोन केला तर गाडीही. जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत आशाताई घरी येऊन बाळाला तपासतात, ती पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि मग देशाने उचलली. त्या आल्या की ‘आमचे डॉक्टर आहेत’ म्हणून दारातून परत पाठवू नये.

वस्तूंबद्दल थोडक्यात. पाळणा, बाबागाडी, उंच खुर्ची हे सगळं नात्यात, सोसायटीत फिरतं असतं, निःसंकोच मागावं. बसायचा वॉकर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी अजून मिळतात. प्लॅस्टिकचं खेळणं घेतलंत तर आयएसआयची खूण पाहा, २०२१ पासून ती सक्तीची आहे. दुचाकीवर मात्र हात आखडू नये: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा आता नियमानेच लागतो.

शिकवणारी खेळणी आणि अडीच वर्षांच्या मुलाच्या शाळेची फी हा नव्या काळातला मोठा खड्डा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, ती बिया, शिंपले, पानं, खडे यांच्या साधनांवर. अंगणवाडीची कल्पनाही त्यांच्याच कामातून आली. त्या मुलांना मोजता येत होतं, रंग ओळखता येत होते, गाणी येत होती. आज पिशवीभर चिंचोके, डाळ-तांदूळ निवडायची दोन ताटं आणि झाकणं लावायचे रिकामे डबे दिले तर दोन वर्षांचं मूल तासभर गुंततं. फक्त चिंचोक्याएवढ्या वस्तू असताना मोठं माणूस जवळ हवं. पुस्तकांवर जरूर खर्च करा. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घरात असावीत, आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत.

नोकरी करणाऱ्या आईची खरी बचत तिच्या हक्कांत आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी आहे, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय मालकाने करायची आहे. बहुतेक कचेऱ्यांत पाळणाघर कोणी मागितलंच नाही म्हणून झालेलं नाही. चार जणींनी मिळून अर्ज द्यावा.

कागदपत्रांत आळस केला तर रोख नुकसान होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर शुल्क नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत निकषांत बसणाऱ्या आईला पहिल्या बाळाच्या वेळी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, लेक लाडकी योजनेत टप्प्याटप्प्याने अठराव्या वर्षापर्यंत एकूण १,०१,००० रुपये मिळतात. आधार आणि बँक खातं जोडलेलं नसल्याने हप्ते अडकतात. ते काम सातव्या महिन्यातच उरकावं, बाळंतपणानंतर रांगेत उभं राहायला कोणाला वेळ नसतो. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं वर्षाला अडीचशे रुपयांवरही चालू राहतं.

शेवटचा मुद्दा आईच्या ताटाचा, आणि तो मी कोणत्याही सल्ल्याच्या वर ठेवते. घरात पैसा कमी पडला की बाळाचा डबा तसाच राहतो, नवऱ्याचा पेट्रोलचा खर्च तसाच राहतो, आणि आईचं दूध, अंडी, फळं गुपचूप बंद होतात. तीच बंद करते, कोणी सांगतही नाही. डिंकाचे महागडे लाडू नसले तरी चालतील. पण रोज दोन वाट्या डाळ किंवा उसळ, पालेभाजी, दूध किंवा ताक आणि पोटभर भाकरी तिला हवीच. बाळंतपणानंतर सहा महिने लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, आणि लोहाची चहाबरोबर घेऊ नये. घरातल्या पुरुषांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या महिन्याच्या किराण्याची यादी तुम्ही लिहा, आणि तिच्या खाण्याच्या वस्तू पहिल्या ओळीत लिहा.